चौकातला पडदा आणि स्त्रियांचे मत

गणेशोत्सवात गल्लीच्या तोंडाशी दोन बांबूंमध्ये पांढरे कापड ताणून दाखविले जाणारे चित्रपट आपल्या मंडळातील ज्येष्ठ भगिनींना आठवत असतील. घरातली निरवानिरव करून, झोपाळलेले मूल खांद्यावर टाकून आणि सतरंजी काखेत घेऊन बायका येत. तोवर पुढची जागा भरलेली असे. मग पडद्याच्या पाठीमागे बसावे लागे. तेथे अक्षरे उलटी दिसत आणि नायक डाव्या हाताने तलवार चालवी! तरीही त्या रात्रीचे अप्रूप काही निराळेच होते. जो रस्ता दिवसा नुसता ओलांडायचा, त्याच रस्त्यावर रात्री निवांत बसता येत असे.

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त अशाच, पण फार दूरच्या एका चौकाची हकिकत भगिनींपुढे ठेवीत आहे. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेस, इटालियन भाषा बोलणाऱ्या तिचिनो प्रांतात, माज्जोरे सरोवराच्या काठी लोकार्नो नावाचे टुमदार गाव आहे. गावाच्या मध्यभागी गोट्यांच्या फरसबंदीचा प्रशस्त चौक आहे. त्याचे नाव ‘पियाझ्झा ग्रांदे’, म्हणजे मोठा चौक.

या हकिकतीचा आरंभ एका नकारापासून होतो. दुसरे महायुद्ध संपून वर्ष लोटले होते. जवळच्या लुगानो शहरात बागेत उघड्यावरचे चित्रपटगृह बांधावे अशी योजना निघाली. १९४६ साली ती मतास टाकली गेली आणि नागरिकांनी ती फेटाळली. येथे ‘नागरिक’ म्हणजे पुरुष, हे ध्यानात ठेवावे. स्त्रियांना तेथे मत नव्हतेच. मग लोकार्नोने ते काम अंगावर घेतले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथील ‘ग्रँड हॉटेल’च्या बागेत, झाडांखाली पडदा लावून पहिला चित्रपट महोत्सव भरविला. रोसेलिनी यांचा ‘रोम, ओपन सिटी’ हा नाझी अंमलाखालच्या रोमची व्यथा सांगणारा चित्रपट त्या पहिल्याच वर्षी तेथे दाखविला गेला.

परंतु हॉटेलची बाग कितीही रम्य असली तरी ती हॉटेलचीच. १९७१ साली महोत्सव बागेतून निघून मोठ्या चौकात आला. लिव्हिओ व्हाक्किनी या वास्तुशिल्पकाराने चौकासाठी भव्य पडद्याची योजना केली. हा पडदा सुमारे २६ मीटर रुंद व १४ मीटर उंच आहे. दर उन्हाळ्यात तो उभारावयाचा आणि महोत्सव संपला की उतरवून ठेवावयाचा. समोर पिवळ्या-काळ्या खुर्च्यांच्या रांगा लागतात आणि सुमारे ८००० माणसे एका वेळी बसतात. तिकीट असते, पण चौक चौकच राहतो. भोवती घरे, दुकाने, कमानी आणि वर आकाश. पाऊस आला तर लोक रेनकोट चढवून तसेच बसून राहतात. २०२० साली महामारीमुळे मात्र चौकात खुर्च्या मांडल्याच गेल्या नाहीत.

आता १९७१ या सालाकडे पुन्हा पाहू. स्वित्झर्लंडची संघराज्य घटना १८४८ ची. लोकशाहीचे माहेरघर म्हणून या देशाचा गौरव होत आला; परंतु देशाच्या कारभारात स्त्रियांना मत नव्हते. १९५९ साली त्यासाठी कौल घेतला, तेव्हा सुमारे ६७ टक्के पुरुषांनी ‘नाही’ म्हटले. तिचिनो प्रांताने १९६९ साली आपल्या प्रांतापुरते स्त्रियांना मत दिले. आणि ७ फेब्रुवारी १९७१ रोजी सुमारे ६६ टक्के पुरुषांनी ‘होय’ म्हटले, तेव्हा कोठे स्त्रियांना देशाच्या मतदानाचा हक्क मिळाला. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच स्त्री-पुरुष एका रांगेत उभे राहिले होते, हे आठवून अभिमान वाटल्यावाचून राहत नाही.

फेब्रुवारीत मत मिळाले आणि ऑगस्टमध्ये चौकात पडदा लागला. एका गोष्टीमुळे दुसरी घडली असे मुळीच नाही; हा योगायोगच होय. पण बोलका योगायोग आहे. त्या देशात काही प्रांतांचा कारभार चौकातच चाले. वर्षातून एकदा पुरुष चौकात जमत आणि हात वर करून निर्णय घेत. आप्पेन्झेल इनररोडन या प्रांतात तर पुरुष मताचा अधिकार दाखविण्यासाठी कमरेला तलवार लावून येत. तेथे स्त्रियांना प्रांतिक मताचा हक्क १९९० साली न्यायालयाच्या निकालाने मिळाला आणि १९९१ साली त्या प्रथम त्या सभेत उभ्या राहिल्या. चौक सर्वांचा असतो असे आपण सहज म्हणतो. पण तेथे कोणी उभे राहावे हे कोणीतरी ठरवीत असतेच.

या चौकाशी आपलेही एक नाते जडले आहे. मोठ्या चौकात दाखविलेल्या चित्रपटांपैकी एकाला प्रेक्षकांच्या मतांनी पारितोषिक मिळते. २००१ साली ते मिळाले आशुतोष गोवारीकर यांच्या ‘लगान’ला. त्यातील नायकाची आई साकारली होती सुहासिनी मुळे यांनी, आणि वेशभूषा होती मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांची. पावणेचार तासांचा आपला चित्रपट, कच्छच्या उन्हात चित्रित झालेला, आल्प्सच्या पायथ्याशी उघड्या आकाशाखाली लोकांनी पाहिला आणि पसंत केला. ज्या मुलखात १९४६ साली चित्रपटाच्या पडद्याविषयी एकाही स्त्रीला मत देता आले नव्हते, तेथे २००१ साली चौकात बसलेल्या स्त्रियांचीही मते मोजली गेली.

आपल्या मंडळाची सभा चार भिंतींत भरते, ते योग्यच आहे. परंतु वर्षातून एक रात्र आपणही चौकात पडदा लावावा, चित्रपट कोणता ते सभासद भगिनींनी मते देऊन ठरवावे, आणि पडद्यासमोरच्या पहिल्या चार रांगा बायकांसाठी राखाव्यात, अशी माझी सूचना आहे. सतरंज्या घरोघरी आहेतच. कार्यकारिणीने यावर अवश्य विचार करावा.