मिठी नदी: आधी पाणी गेले, मग घाण आली

मिठी नदी घाण कुणी केली, या प्रश्नाचे उत्तर मुंबईत बहुतेकांच्या तोंडी तयार असते. काठच्या झोपड्यांनी, कुर्ला-साकीनाक्याच्या कारखान्यांनी, भंगारवाल्यांनी, तबेल्यांनी. हे उत्तर खोटे नाही, पण त्यात घडलेल्या गोष्टीचा फक्त शेवट आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांपासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम १८ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीत मैला आणि रसायने प्रचंड प्रमाणात आली ती विसाव्या शतकात. त्याच्या कितीतरी आधी तिच्या उगमाचे पाणी काढून घेतले गेले होते, मुखाशी भराव पडला होता आणि तिचा काठ म्हणजे शहराला नको असलेले सारे नेऊन टाकायची जागा, हे ठरून गेले होते. नदी आधी दुबळी झाली, नंतर घाण झाली. हा क्रम लक्षात घेतला नाही तर उपायही अर्धेच सुचतात, आणि गेल्या वीस वर्षांत नेमके तेच झाले आहे.

सुरुवात होते ती मुंबईच्या तहानेपासून. सात बेटांच्या त्या शहरात गोडे पाणी विहिरींचे आणि तळ्यांचे. पाऊस ओढला की दोन्ही आटत. १८५४ साली पाण्याचे इतके दुर्भिक्ष झाले की सरकारला बाहेरून पाणी आणावे लागले आणि जनावरे शहराबाहेर हलवावी लागली. त्यानंतर अभियंता हेन्री कॉनिबेअर याच्या योजनेनुसार साष्टीच्या डोंगरात विहारचे धरण बांधायला घेतले गेले. १८६० मध्ये तिथले पाणी नळाने मुंबईत आले, सुरुवातीला दिवसाला सुमारे ३२० लाख लिटर. पुढे १८७२ मध्ये विहारची क्षमता वाढवली गेली, १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला आणि १८९० च्या सुमारास पवई. मिठीच्या खोऱ्याचा सगळ्यात उंच, सगळ्यात दाट जंगलाचा आणि म्हणून सगळ्यात स्वच्छ पाण्याचा भाग अशा रीतीने बांधाआड गेला. तेव्हापासून वरच्या अंगाने नदीला मिळते ते तलाव भरून उरलेले पाणी, म्हणजे ऐन पावसाळ्यातले काही आठवडे. जंगलातून झिरपत येणारा जो बारीक प्रवाह पावसाळा सरल्यावरही पात्र ओले ठेवतो, तो तिच्या वाट्याला राहिला नाही.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: तहानलेल्या शहराने दुसरे काय करायचे होते? लाखो माणसांना पिण्याचे पाणी देणे हे पुण्यकर्मच होते, आणि विहार झाला नसता तर मुंबई मुंबई झाली नसती. हे मान्यच करायला हवे. प्रश्न पाणी का नेले हा नाही, नेलेल्या पाण्याचे पुढे काय केले हा आहे. शहरात आलेले पाणी वापरून झाले की सांडपाणी होते आणि त्याची व्यवस्था पाण्याबरोबरच करावी लागते, हे त्या काळी ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. विहारचे काम चालू असतानाच, १८५८ च्या उन्हाळ्यात, लंडनमध्ये थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झाले आणि तिथे मोठ्या मैलावाहिन्यांचा निर्णय झाला. खुद्द कॉनिबेअरने मुंबईच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला होता. तरीही मुंबईत नळ आधी आले आणि गटारे मागाहून, तीही अपुरी. पुढे मुख्य मैलावाहिनी झाली, ती वरळीला समुद्रात सोडली गेली. मिठीच्या खोऱ्यातून उचललेले पाणी शहराच्या पोटातून फिरून भलत्याच किनाऱ्याला गेले, मूळ नदीकडे कधीच परतले नाही. नदीलाही काही पाणी द्यावे लागते, ही कल्पना त्या हिशेबात कुठेच नव्हती. आजही ती फारशी नाही.

दुसरा घाव मुखाशी बसला. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये भरतीचे पाणी पसरायचे, तिवरांच्या जंगलात आणि खाजणांत शिरायचे आणि ओहोटीबरोबर गाळ घेऊन समुद्रात जायचे. खाडीच्या तोंडाची खोली या रोजच्या दोन फेऱ्यांवर टिकते. जितके पाणी आत येईल तितके जोरात बाहेर जाईल आणि तितका गाळ उचलेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर डंकनच्या काळात शीवचा बांध झाला. १८४५ मध्ये माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता झाला. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले, म्हणून लोकांना होडीच्या धोक्यातून सुटका मिळाली. त्यांचे दातृत्व खरेच मोठे होते. पण भरावाचा रस्ता म्हणजे खाडीच्या गळ्याला पडलेली गाठ. पाण्याला जायला पुलाखालच्या कमानींपुरतीच वाट उरली. पाठोपाठ दोन्ही रेल्वेमार्गांचे भराव आणि पूल आले. खाडीत येणारे भरतीचे पाणी कमी झाले, तसा बाहेर जाणारा गाळही कमी झाला. वरून प्रवाह नाही आणि खालून जोर नाही, अशा अवस्थेत नदी विसाव्या शतकात शिरली.

तिसरी गोष्ट सीमेची. जुन्या मुंबईची हद्द माहीम-शीवपाशी संपत होती. मिठीचा काठ हद्दीवर किंवा हद्दीपलीकडे, आणि शहराला नकोसे उद्योग नेहमीच वेशीकडे ढकलले जातात. कत्तलखाना वांद्र्याला गेला. त्याच्या जवळ म्हणून आणि वस्तीपासून लांब म्हणून कातडी कमावण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धारावीत स्थिरावला. तिरुनेलवेलीकडून आलेल्या कारागिरांनी तो वाढवला. मीठ लावून आलेली कातडी चुन्याच्या हौदात भिजवायची, केस आणि मांस खरवडून काढायचे, मग ती कमवायची. यातल्या प्रत्येक पायरीला पाणी लागते आणि प्रत्येक पायरीचे पाणी बाहेर सोडावे लागते. ते खाडीत गेले. धारावी हा मुळात कोळीवाडा. १९०९ च्या गॅझेटियरमध्ये मुंबईच्या सहा मोठ्या कोळीवाड्यांत त्याची गणना आहे. तिवरांच्या मुळांशी वाढणारी बोय, चिंबोऱ्या, निवट्या ही कोळ्यांची रोजची भाकरी होती. खाडीच्या पाण्यावर पहिला हक्क ज्यांचा होता, त्यांनाच तिच्या प्रदूषणाची पहिली किंमत मोजावी लागली, आणि भरपाई म्हणून त्यांच्या हाती काही आले नाही. पुढे शहराचा कचराही याच काठावर पडू लागला. आज जिथे माहीमचे निसर्ग उद्यान आहे, तिथे आधी कचऱ्याचे आगार होते.

१९५० आणि १९५७ मध्ये मुंबईची हद्द वाढली आणि वेशीवरची नदी शहराच्या मधोमध आली. हीच चूक सुधारायची वेळ होती. पण हद्द बदलली तरी सवय बदलली नाही. कुर्ला, साकीनाका, मरोळ या पट्ट्यात कारखाने वाढले, त्यांच्यासाठी माणसे आली, माणसांसाठी घरे आणि मैलावाहिन्या आल्या नाहीत. विमानतळाच्या धावपट्टीपाशी नदीला काटकोनात वळवले गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वांद्रे-कुर्ला संकुलासाठी सुमारे ३७० हेक्टर सखल जमीन आखली गेली. खाजणे बुजली, तिवरे गेली, पात्र आवळले. याच काठाने आजही एक धंदा चालतो. तेलाची आणि रसायनांची रिकामी पिंपे विकत घ्यायची, कॉस्टिक सोड्याने आतून धुवायची, पोचे ठोकून काढायचे, रंग मारून पुन्हा विकायची. पिंपाच्या तळाशी उरलेले द्रव्य धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जाते आणि गटार नदीत. पिंप धुणारा हातावर पोट असलेला माणूस असतो. पिंप भरून विकणारा मात्र मोठा कारखानदार असतो, आणि त्याचे नाव या हिशेबात कधी येत नाही. कायदा नव्हता असेही नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा १९६९ मध्येच केला, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्याही आधी.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, समुद्राला भरती होती आणि आवळलेल्या नदीला पाणी वाहून नेता आले नाही. मुंबईत शेकडो माणसे मेली. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या समितीने पात्रातली अतिक्रमणे, भराव, अडचणीचे पूल आणि विमानतळाजवळची वळणे यांवर बोट ठेवले. नदीसाठी प्राधिकरण नेमले गेले. वरचे सुमारे १२ किलोमीटर महापालिकेकडे आणि खालचे ६ महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, अशी कामाची वाटणी झाली. पात्र रुंद आणि खोल केले गेले, संरक्षक भिंती बांधल्या गेल्या, दरवर्षी गाळ काढला जाऊ लागला. पुराच्या दृष्टीने यातले बरेच आवश्यक होते. पण नदी पूर वाहून नेणारा नाला आहे असे धरून हे सारे झाले. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पवई ते धारावी हा पट्टा देशातल्या सर्वांत प्रदूषित वर्गात टाकला. तिथली जैविक ऑक्सिजन मागणी लिटरमागे २५० मिलिग्रॅम होती. आंघोळीच्या पाण्यासाठी ही मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे. अशा पाण्यात मासा जगत नाही, तळाचा गाळ काळा पडतो आणि त्यातून सडक्या अंड्यासारखा वायू येतो. ओहोटीला ही घाण माहीमच्या उपसागरात जाते, आणि भरतीला प्लास्टिकसह दादर-माहीमच्या किनाऱ्यावर परत येते. गाळ मात्र दर वर्षी तितकाच साचतो, कारण तो वाहून नेणारी जी नैसर्गिक यंत्रणा होती ती आपण दीडशे वर्षांत मोडली. आणि गाळ काढण्यातही सचोटी राहिली नाही, असा आरोप आहे. २०२५ मध्ये या कामातल्या कथित गैरव्यवहाराबद्दल पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

काठच्या वस्त्या हटवल्या की नदी सुधारेल, असे अनेक जण मनापासून मानतात. वस्त्यांमुळे पात्र अरुंद झाले आणि मैला थेट नदीत जातो हे खरे. पण जिथे मैलावाहिनीच पोचलेली नाही, तिथे माणसाने मैला कुठे सोडायचा? शिवाय मैला फक्त झोपड्यांचा नाही. पावसाळी नाल्यांत चोरून जोडलेली इमारतींची सांडपाण्याची नळीही त्याच नदीत येते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोकणपट्टीतल्या बहुतेक छोट्या नद्या उन्हाळ्यात रोडावतात, तेव्हा धरणाला दोष का द्यायचा? रोडावतात हे मान्य. पण रोडावलेली नदी आणि पाणी तोडलेली नदी यांत फरक असतो. डोहांत, झऱ्यांत, खडकांच्या खाचांत उरलेल्या पाण्यावर मासे आणि झाडे पुढच्या पावसापर्यंत तग धरतात. मिठीच्या पात्रात आज एप्रिल-मे महिन्यांत भरतीच्या टप्प्यापलीकडे जे वाहते, ते जवळपास सगळे सांडपाणीच असते.

यातूनच पुढचा पेच उभा राहतो. नाल्यांतला मैला बोगद्यातून धारावीच्या प्रक्रिया केंद्राकडे वळवण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. ते झालेच पाहिजे. पण सगळा मैला खरोखर वळवला गेला, तर उन्हाळ्यात नदीत उरणार काय? कोरडे काँक्रीट आणि कचरा. घाण काढणे ही अर्धी गोष्ट झाली. नदीला स्वतःचे पाणी परत दिल्याशिवाय ती नदी होत नाही. १८६० मध्ये मुंबई विहारवर जगत होती. त्यानंतर तानसा, वैतरणा आणि भातसा आले. आज शहराच्या पाण्यात विहारचा वाटा तीन टक्क्यांहूनही कमी आहे. पवईचे पाणी तर पिण्यासाठी वापरलेच जात नाही, आणि पूर्ण भरल्यावर त्यात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी असते. पवईत शिरणारे सांडपाणी थांबवून, विहारच्या साठ्यातला ठरावीक हिस्सा कोरड्या महिन्यांत नदीत सोडणे हा आजच्या मुंबईला न परवडणारा त्याग नाही. त्याच्या जोडीला उरलेली तिवरे आणि खाजणे हात न लावता राखावीत, आणि उगमापासून मुखापर्यंत नदीची जबाबदारी एकाच यंत्रणेवर टाकावी. पात्र किती खोल झाले यावर तिचे काम मोजू नये, पाण्यात ऑक्सिजन किती आहे यावर मोजावे. प्रत्येक निवडणुकीत मिठीचे सुशोभीकरण, काठचे रस्ते आणि दिवे यांची आश्वासने मिळतात. मुंबईकरांनी त्याऐवजी एकच साधा प्रश्न विचारावा: विहारच्या पाण्यातले किती लिटर मे महिन्यात नदीत सोडणार? याचे उत्तर आकड्यात मिळेपर्यंत कोणत्याही योजनेला नदीची योजना म्हणू नये.