कॅथरीनच्या सुट्या फळ्या

बिदरकरांना १४७२ साल आठवते ते बहमनी वजीर महमूद गवानच्या मदरशामुळे. त्याच वर्षी गवानने बहमनींसाठी विजयनगरकडून गोवाही जिंकला, आणि बिदर भागातल्या आजच्या दुबलगुंडी-हुमनाबादचा मुलूख व मांडवीकाठचे बंदर एकाच तख्ताखाली आले. पुढे बहमनी राज्याची शकले झाली, गोवा विजापूरच्या आदिलशहाच्या वाट्याला गेला आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने तो हिसकावला. त्या दिवशी सेंट कॅथरीनचा सण होता. विजयाचे श्रेय पोर्तुगीजांनी तिलाच देऊन टाकले.

कॅथरीन अलेक्झांड्रियाची. कथा सांगते, की तिने पन्नास पंडितांना वादात निरुत्तर केले. तिला चिरडायला आणलेले चाक मोडून पडले. अखेर तिचा शिरच्छेद झाला. गोव्यात तिच्या नावाने उभ्या राहिलेल्या देवळाला १५३० च्या दशकात कॅथेड्रलचा मान मिळाला. १५३८ मध्ये पहिला बिशप आला. एवढ्या मानाच्या देवळात साजेशी वेदी हवी, आणि तिची चित्रे लिस्बनहून आली.

ती रंगवली गार्सिया फर्नांडिशने. हा गडी व्यवहारी होता. १५१८ च्या प्लेगमध्ये चित्रकार फ्रान्सिस्कू हेनरिकिश वारला, तेव्हा पोर्तुगालच्या राजाने फर्नांडिशला सांगितले: त्याच्या मुलीशी लग्न कर, सरकारी पद देतो. लग्न झाले, मुलेबाळे झाली, पदाचा मात्र पत्ता नाही. मग १५४० मध्ये त्याने दरबारात अर्ज गुदरला आणि आपल्या कामांची जंत्री मांडताना भारतासाठी केलेल्या वेदीचित्रांचाही हवाला दिला. गोव्याच्या या चित्रांचा धागा आज हाती लागतो तो एका जावयाच्या थकलेल्या येण्यामुळे!

इटलीत तेव्हा प्रबोधनकाळाची समतोल मांडणी मोडत होती. लांबट देह, पिळदार हालचाली, अंगावर येणारे रंग अशी मॅनरिझमची रीत पोर्तुगालपर्यंत पोहोचत होती. फर्नांडिश त्या उंबरठ्यावरचा चित्रकार. कॅथरीनचे चरित्र त्याने प्रसंगाप्रसंगाने वेगवेगळ्या फळ्यांवर रंगवले. पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे सरकवत रामकथा गातात, तशी ही मांडणी. फरक इतकाच, की इथे सारी पाने एकाच चौकटीत शेजारी शेजारी जडवलेली.

ती चौकट टिकली नाही. १५६२ मध्ये नव्या, प्रचंड से कॅथेड्रलचे काम सुरू झाले. इमारत १६१९ मध्ये आणि वेद्या १६५२ मध्ये पूर्ण झाल्या. तोवर आवडही पालटली होती. रंगवलेल्या फळ्यांऐवजी सोन्याचा मुलामा दिलेले कोरीव लाकूड हवेसे झाले. मुख्य वेदीवर कॅथरीनचीच कथा पुन्हा आली, पण उठावाच्या सोनेरी शिल्पात. जुनी वेदी सुटी झाली आणि तिच्यातली चित्रे सॅक्रिस्टीत, म्हणजे पाद्र्यांच्या पोशाखघरात, दुसऱ्या वेदीत बसवली गेली. प्रवासी सोनेरी वेदीपुढे मान वर करून उभे राहतात. त्यांना दोष कसा द्यावा? ती वेदी डोळे दिपवतेच.

गोव्यातल्या अशा लाकूडकामावर स्थानिक हात फिरले. १५६७ च्या धर्मसभेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घ्यायला मनाई केली होती. कामे त्यांच्याकडे जात नसती, तर ठराव करायची वेळच आली नसती.