मोहिकनांची कादंबरीमाला आणि तिचे वाचक

१८२० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ राहणारे एक जमीनदार गृहस्थ आपल्या आजारी पत्नीस नवी इंग्रजी कादंबरी मोठ्याने वाचून दाखवीत होते. थोडी पाने होताच कंटाळून त्यांनी पुस्तक बाजूस टाकले आणि याहून चांगले तर आपणच लिहू, असे म्हणाले. पत्नीला हसू आले, कारण साधे पत्र लिहावयाचे म्हटले तरी या गृहस्थांच्या कपाळाला आठी पडे. मग लिहूनच दाखवा, असे तिने म्हटले. हे गृहस्थ म्हणजे जेम्स फेनिमोर कूपर. त्यांच्या मुलीने पुढे लिहून ठेवली म्हणून ही हकीकत आपणांस कळते.

पहिली कादंबरी बेताचीच निघाली. परंतु १८२३ ते १८४१ या काळात त्यांनी नॅटी बम्पो नावाच्या गोऱ्या शिकाऱ्याभोवती पाच कादंबऱ्यांची जी माला गुंफली, तिने लोकांना वेड लावले. या मालेची एक गंमत आहे. पहिल्या पुस्तकात नॅटी म्हातारा आहे. १८२७ च्या तिसऱ्या पुस्तकात तो मरतो. त्यानंतर तेरा वर्षांनी लेखकाने त्याला पुन्हा जिवंत केले, आणि शेवटी लिहिलेल्या पुस्तकात तो ऐन पंचविशीच्या आतला तरुण आहे! त्याच्या वयाच्या क्रमाने वाचू गेल्यास पाचवे पुस्तक आधी हाती घ्यावे लागते. पाचांपैकी तीन कथा अमेरिका इंग्रजांच्या ताब्यात होती त्या काळातल्या, आणि त्यांत सर्वांत गाजली ती १८२६ साली निघालेली ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’, म्हणजे ‘शेवटचा मोहिकन’.

कथेचा काळ १७५७. उत्तर अमेरिकेसाठी इंग्रज आणि फ्रेंच झुंजत होते आणि दोघांच्याही बाजूने तेथील मूळ रहिवाशांच्या जमाती लढत होत्या. लेक जॉर्ज या सरोवराकाठच्या फोर्ट विल्यम हेन्री किल्ल्याला फ्रेंच सेनापती माँकाम याने वेढा घातला. ऑगस्टमध्ये किल्ला पडला. सन्मानाने बाहेर पडू देण्याचे वचन इंग्रजांस मिळाले होते, पण बाहेर निघालेल्या लोकांवर फ्रेंचांच्या बाजूच्या योद्ध्यांनी हल्ला केला. इतपत इतिहास खरा आहे. किल्लेदाराच्या दोन मुली, कोरा व अॅलिस, त्यांचे हरण आणि अरण्यातला पाठलाग हे सारे कूपरांच्या कल्पनेतले. या हल्ल्यात पाचशेपासून पंधराशेपर्यंत माणसे मेल्याचे आकडे कूपर देतात. अलीकडच्या संशोधकांनी जुनी कागदपत्रे तपासून हा आकडा दोनशेच्याही आत आणला आहे. परंतु कत्तलीचे जे चित्र वाचकांच्या मनात एकदा बसले ते बसलेच.

आणि वाचक तरी कोणकोण! संगीतकार शूबर्ट व्हिएन्नात मरणशय्येवर होता. नोव्हेंबर १८२८ मध्ये त्याने मित्राला चिठ्ठी लिहिली, की कूपरची चार पुस्तके वाचून झाली आहेत, आणखी असतील तर पाठवून दे. आठवडाभरातच तो गेला. फ्रान्सात बाल्झाकसारखा कादंबरीकार या पुस्तकांचा चाहता होता. उलट मार्क ट्वेन याने १८९५ साली कूपरांची अशी खिल्ली उडविली, की वाचताना आजही हसू आवरत नाही. कथेत गप्प राहण्याची वेळ आली की कोणाचा तरी पाय वाळक्या काटकीवर पडायचाच, ही त्याची तक्रार मला तरी अगदी रास्त वाटते.

माझी स्वतःची तक्रार निराळी आहे. पाच पुस्तकांतील बायकांत कोरा ही मला सर्वांत धीट वाटते. तिच्या आईकडून तिच्यात काळ्या लोकांचे रक्त आले आहे. मोहिकन तरुण उंकस याचे मन तिच्यावर जडते. आता लेखक काय करणार? त्याने दोघांनाही मारून टाकले. गोरी, नाजूक अॅलिस मात्र सुखरूप घरी पोचते. उंकसाचा म्हातारा बाप मागे उरतो, आणि मोहिकन संपले असे समजून वाचक डोळे पुसतो.

पण मोहिकन संपले नव्हते. कथेतले १७५७ हे जे साल, त्याच साली मॅसॅच्युसेट्समधील स्टॉकब्रिज गावी हेंड्रिक ऑपॉमट हा मोहिकन जन्मला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो वॉशिंग्टनच्या बाजूने लढला, कॅप्टन झाला, पुढे नव्या सरकारचा वकील म्हणून पश्चिमेकडील जमातींकडे गेला. आपल्या लोकांचा इतिहासही त्याने स्वहस्ते लिहून ठेवला. कादंबरी छापली गेली तेव्हा तो हयात होता. १८३० मध्ये वारला. ज्या देशासाठी हे लोक लढले त्याच देशात त्यांची जमीन हातची गेली. स्टॉकब्रिज सोडून ते न्यूयॉर्क प्रांतात गेले, तेथूनही निघावे लागले, आणि १८२० नंतर विस्कॉन्सिनच्या रानात त्यांनी पुन्हा घरे बांधली. कूपरांनी तर ‘उंकस’ हे नावदेखील कनेटिकटकडील मोहेगन या वेगळ्या जमातीच्या प्रमुखाचे उचलले होते. दोन जमातींची सरमिसळ झाली, ती आजही पुष्कळांच्या डोक्यातून जात नाही.

विस्कॉन्सिनला आलेल्या या मंडळींत इलेक्टा क्विनी नावाची एक बाई होती. तिने लाँग आयलंड व कनेटिकट येथील शाळांत शिक्षण घेतले होते आणि न्यूयॉर्क प्रांतात काही वर्षे शिकविलेही होते. १८२८ साली, म्हणजे ‘शेवटचा मोहिकन’ बाजारात येऊन दोनच वर्षे झाली असताना, तिने तेथे फी न घेता मुलांची शाळा चालविली. विस्कॉन्सिनमधील सार्वजनिक शाळेची पहिली शिक्षिका म्हणून तिचे नाव घेतात. तिला दीर्घायुष्य लाभले. १८८५ मध्ये ती वारली. तोवर कूपरांच्या पुस्तकांच्या किती आवृत्त्या निघाल्या असतील आणि किती भाषांत ‘शेवटचा’ हा शब्द उतरला असेल, याची गणती नाही.

त्या लोकांचे वंशज आज विस्कॉन्सिनमध्येच शावानो परगण्यात, स्टॉकब्रिज–मन्सी या नावाने राहतात. त्यांचे स्वतःचे पंचमंडळ आहे, ग्रंथालय व संग्रहालय आहे. जुन्या हडसन नदीकाठच्या आपल्या नावाचा अर्थ ते ‘कधीही स्थिर न राहणाऱ्या पाण्याचे लोक’ असा सांगतात.