गिरमिटियांची दप्तरे आणि जातीचा रकाना

मॉरिशस बेटावर १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी भाषकही होते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदवह्या आहेत: नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, जहाज आणि जात. २०१५ मध्ये युनेस्कोने या दप्तराची जागतिक स्मृतीच्या नोंदपटात नोंद केली.

दमट हवेत जुना कागद ठिसूळ होतो आणि प्रत्येक हाताळणीत त्याच्या कडा झडतात. पूर्वजांचा शोध घेणाऱ्या वंशजांसाठी पानांच्या संगणकीय प्रतिमा घेणे म्हणूनच अगत्याचे. मात्र केवळ नावांची सूची पुरेशी नाही. कारकुनांनी कानाला पडले तसे रोमन लिपीत लिहिले. एकाच नावाची चार रूपे आढळतात. मूळ पान सूचीशेजारी दिसलेच पाहिजे.

जातीचा रकाना झाकावा, असे काहींस वाटेल. ती वेदना आम्ही जाणतो, तरी झाकण्यास आमचा विरोध आहे. तीर्थक्षेत्रींच्या पंड्यांच्या वह्यांत ज्यांना सहसा स्थान नव्हते, त्यांचे नाव बापाच्या नावासह येथे उतरले आहे. त्या नोंदीतून जात खोडली, तर कुणाला कशामुळे समुद्र ओलांडावा लागला याचा एक धागाच तुटेल. नोंदीत आडनाव बहुधा नसते. केवळ आडनावावरून शोध घेणे म्हणून कठीण जाते.