चिंधी आमच्या ओळखीची
कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्यांशी आईचं नारळ-ओटीचं दुकान होतं. रानातला मध विकायला आलेल्या ठाकर बाया तिथे टेकायच्या. म्हणून १९७७च्या ‘जैत रे जैत’मधली ठाकर चिंधी मला परकी वाटलीच नाही. कादंबरी गो. नी. दांडेकरांची, म्हणजे आमच्या तळेगाव दाभाड्याची. चित्रपट जब्बार पटेलांचा. चिंधी झालेली स्मिता पाटील तेव्हा जेमतेम बाविशीची, दूरदर्शनवर मराठी बातम्या देऊन पडद्यावर आलेली. तिच्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले होते.

स्मिताचा ‘उंबरठा’ (१९८२) पाहून आल्यावर आई रात्रभर बोलली नाही. त्यातल्या नायिकेचं, सुलभाचं, घर सोडणं तिला पटलं होतं, असं मला आजही वाटतं.

१३ डिसेंबर १९८६ला स्मिता गेली. वय अवघं ३१.