नाणेघाटाची नळी आणि जुन्नरचा व्यापार

कल्याणाहून जुन्नरमार्गें पैठणास जाणाऱ्या प्राचीन व्यापारपथाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु अशा पथावरून माल किती जाईल हें बंदराच्या किंवा पेठेच्या मोठेपणावर ठरत नसून वाटेंतील सर्वांत अडचणीच्या जागीं ठरतें, या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यासारखें आम्हांस वाटतें. या पथावर ती जागा म्हणजे नाणेघाट.

कोंकणांतून चढणारी वाट माथ्याशीं कड्यांमधील चिंचोळ्या नळींत शिरते. कल्याणास आणखी दहा गलबतें लागलीं, अथवा जुन्नरास आणखी शंभर बैल सज्ज झाले, तरी या नळींतून लादलेलीं जनावरें एकामागून एकच निघणार. खालीं घाई केल्यास पायथ्याशीं खोळंबा वाढेल, एवढेंच.

सातवाहनांनीं हें जाणलें होतें काय? त्यांनीं खर्च कोठें केला तें पाहावें. घाटमाथ्यावरील लेण्यांत नागनिका राणीचा प्राकृत लेख आहे. ब्यूलर यांनीं तो १८८३ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत अश्वमेधादि यज्ञ आणि गाई, हत्ती, कार्षापण यांच्या दक्षिणेचे आंकडे कोरलेले आहेत. यज्ञांचा हिशेब राजधानी सोडून अशा ओसाड कड्यांत कां कोरावा? आमच्या मतें, येथें प्रत्येक तांड्यास थांबणें भागच होतें म्हणून. जवळच खडकांत टांकीं खोदलेलीं आहेत. चढून आलेल्यांस तेथेंच पाणी मिळालें म्हणजे विसावा लौकर आटपतो व वाट मोकळी होते. दगडी रांजणांत जकातीचीं नाणीं पडत, ही आख्यायिका गोड खरी. शिलालेखांत मात्र तिचा उल्लेख नाहीं. तथापि जकात घेण्यास याहून सोयीची जागा शोधूनही सांपडली नसती, आणि जीवधन किल्ला अगदीं माथ्याशींच उभा आहे. दक्षिणेस आंबेगाव तालुक्यांतील आहुपे घाटही मुरबाडकडेच उतरतो, पण त्याच्या वाट्यास असा राजलेख आला नाहीं.

नळी ओलांडल्यावर संपत्ति कशी पसरे, हें जुन्नरचीं लेणीं सांगतात. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें तेथें सात खोल्यांचें लेणें व पाण्याची ‘पोढि’ दान दिली; यवन दात्यांचेही लेख आहेत. नहपानाचा अमात्य अयम यानें ४६ व्या वर्षीं दिलेल्या दानांतही पोढि आहेच.

येथें आमच्याच म्हणण्यास थोडी मुरड घालावी लागते. पेरिप्लसकार सांगतो कीं, सांदनेसाच्या अमलांत कल्याणास आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यानिशीं भडोचास नेलीं जात. अशा वेळीं अडचण घाटांत राहिली नाहीं, ती बंदराच्या तोंडाशीं गेली. घाट रिकामा असून व्यापार मात्र अडला.

अडचणीचें असें स्थलांतर अर्वाचीन काळींही दिसतें. लोहमार्ग १८५६ सालीं खोपोलीस पोंचला, आणि १८५८ सालीं पुणें-खंडाळा गाडी सुरू झाली. मधला बोरघाट तेवढा राहिला. दोन्ही बाजूंस आगगाडी असूनही उतारू १८६३ पर्यंत पालखींतून, तट्टावरून, नाहीं तर पायींच तो घाट चढत होते.