कोसबाडची कुरणशाळा

1945 साली ताराबाई मोडक यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी या गावी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले, तेव्हा भावनगरास बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी आत्मसात केलेली माँटेसोरीची पद्धती, जिची महागडी साधने शहरातील बालमंदिरांनाच परवडत, ती दरिद्री पाड्यांवर कशी रुजवावी, हा बिकट प्रश्न त्यांच्यापुढे होता. पुढे आपल्या सहकारी अनुताई वाघ यांच्यासह त्या नजीकच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथील वारली आदिवासी मुलांच्या शाळेतील गैरहजेरीचे कारण आळस किंवा मतिमांद्य नव्हते. कोणी गुरे राखी, कोणी धाकटे भावंड सांभाळी. म्हणून भावंडांकरिता शाळेलगत पाळणाघर निघाले, आणि गुराख्यांकरिता शाळाच कुरणात गेली.

तेथे खडे, बिया व पाने ही गणिताची साधने झाली. ज्या मुलांना रानातील झाडापाखरांची ओळख पुस्तकावाचून होती, त्यांच्या त्या ज्ञानास तुच्छ न लेखता, त्याच्याच आधाराने त्यांना अक्षरांपर्यंत नेण्याचे धैर्य या दोघींनी दाखविले. आणि मुलाची अभिरुची ही अध्यापनातील अडचण नसून त्याचे भांडवल आहे, हे तत्त्व महाराष्ट्रात इतक्या निष्ठेने क्वचितच आचरणात आले असेल, असे मला निःसंशय वाटते. साधनांच्या अभावाची तक्रार करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा इतिहास अवश्य अभ्यासावा. ताराबाई 1973 साली निवर्तल्या. त्यानंतरही अनुताईंनी कोसबाडचे हे कार्य पुढे चालविले.